कंगव्याकडे झुकणारी धार

अधारतालमध्ये डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते. स्वेटर डोक्यावरून काढला की चटचट आवाज येतो, केस उभे राहतात. हीच स्थितिक विद्युत. घरच्या नळाखाली एक गंमत पाहायची तर हेच दिवस धरा. पावसाळ्यात ती बहुतेक फसते, कारण दमट हवेत कंगव्यावरचा विद्युतभार टिकत नाही.

नळ बारीक सोडा, पण धार तुटू देऊ नका. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून दहा-बारा वेळा फिरवा (तेल लावलेले केस नकोत, त्यामुळे आजीची वेणी बाद!) आणि न भिजवता धारेजवळ न्या. धार चक्क त्याच्याकडे झुकेल.

असं का? नेहमीचं उत्तर म्हणजे, पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी टोकं असतात आणि ती कंगव्याकडे वळतात. पण तेवढ्याने धार इतकी झुकत नाही. 2000 साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये आलेल्या एका लेखाने हा गैरसमज दाखवून दिला. कंगवा जवळ येताच नळाकडून धारेत विरुद्ध भार उतरतो आणि तो भार कंगव्याकडे ओढला जातो. मला हे उत्तर जास्त पटतं. बिस्किटपुड्यावरची ठिपक्याठिपक्यांची तारीखही बरेचदा अशीच उमटते: यंत्र शाईच्या थेंबांना भार देतं आणि विजेच्या ओढीने हवं तिथे वळवतं.

आता जरा गंभीर गोष्ट. पेट्रोल पाइपमधून वाहतानाच भारित होतं आणि ते विजेचं वाहक नसल्यासारखंच असल्याने हा भार चटकन निघून जात नाही. म्हणून पंपावर टँकर रिकामा करण्याआधी त्याला जमिनीशी जोडलेली तार लावतात.

गाडी बंद पडली की आपण पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर धावतो. ते करू नका. प्लास्टिकमधून भार जमिनीत जात नाही, आणि पेट्रोलच्या वाफेला एक बारीक ठिणगीही पुरते. धातूचा, पेट्रोलसाठीचाच डबा घ्या. तो डिकीत किंवा हातात नको, जमिनीवर ठेवा आणि भरताना नळीचं तोंड डब्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. थंडीत कारमधून उतरलात तर टाकीच्या झाकणाला हात लावण्याआधी दाराच्या पत्र्याला बोट लावा. चटका बसलाच तर तिथेच बसेल, टाकीच्या तोंडाशी नाही.