४.२ व्होल्टची लक्ष्मणरेषा

पन्हाळा ते पावनखिंड ही जुलैतली पदभ्रमंती बहुतेक मंडळी वाटेत एक मुक्काम करूनच पूर्ण करतात. पाऊस, धुके, चिखल आणि रात्र. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी घराघरांत हेडलॅम्प, टॉर्च, पॉवर बँक चार्जिंगला लागतात. याच भागातली हौशी मुले रिमोटवरची विमाने आणि घरी जुळवलेले ड्रोनही उडवतात. (गडावर ड्रोन उडवायला परवानगी लागते, पन्हाळा जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हे विसरू नये.) या सगळ्या वस्तूंच्या पोटात बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे लिथियमचा सेल.

चार्जर हरवतो किंवा पावसात भिजून बंद पडतो. मग नजर जाते दुरुस्तीच्या टेबलावरच्या किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतल्या बेंच पॉवर सप्लायकडे. समोर दोन आकडे, खाली दोन बटणे, एक व्होल्टेजचे आणि एक करंटचे. लाल-काळ्या वायरी जोडल्या की काम झाले, असे वाटते. काम होतेही. पण चार्जर आणि सप्लाय यांत मोठा फरक आहे. चार्जरला समोर बॅटरी आहे हे ठाऊक असते. सप्लायला बल्ब, मोटर आणि बॅटरी सारखेच. सांगितले तेवढे तो देतो आणि कोणी थांबवेपर्यंत देत राहतो.

इथली चूक किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत ई-स्कूटरची काढून आणलेली बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. स्कूटरची बॅटरी हेडलॅम्पच्या सेलपेक्षा कितीतरी मोठी असते, हे खरे. पण आतले रसायन त्याच घराण्यातले आहे.

ते रसायन थोडे समजून घ्यावे लागते. चार्ज होताना लिथियमचे आयन एका पट्टीतून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. नेहमीच्या लिथियम-आयन आणि लिपो सेलसाठी भरल्याची खूण ४.२ व्होल्ट आहे. त्यापुढे रेटत गेले की आयनांना ग्रॅफाइटमध्ये जागा उरत नाही. ते पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतात, द्रावण फुटून वायू होतो, बॅटरी फुगते. पडदा फाटला किंवा वितळला की आतल्या आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने आणखी रसायन फुटते, त्याने आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुरू झाले की प्लग काढूनही थांबत नाही. अशी नाजूक वस्तू रोजच्या वापरात आणणाऱ्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ती नाजूक राहिलीच, फक्त आपल्याला तिची सवय झाली.

आता सप्लाय. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज आणि करंट या दोन्हींची कमाल मर्यादा ठरवता येते आणि लिथियमला नेमके हेच लागते. आधी ठरावीक करंट वाहतो आणि सेलचे व्होल्टेज हळूहळू चढते. ४.२ ला पोहोचले की व्होल्टेज तिथेच थांबते आणि करंट आपोआप उतरू लागतो. हेडलॅम्पमध्ये असतो तो १८६५० सेल घ्या. (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव.) त्याची क्षमता २६०० मिलिअँपिअर-तास असेल, तर निम्म्या वेगाने म्हणजे १.३ अँपिअरने चार्ज करणे सौम्य. करंट उतरत ०.१३ अँपिअरच्या आसपास आला की सेल भरला. इथे कोणीतरी वायर काढायला हवी. चार्जर हे स्वतः करतो, सप्लाय करत नाही. ४.२ व्होल्टवर सेल तासन् तास टांगून ठेवला की त्याचे आयुष्य घटते.

क्रम महत्त्वाचा आहे. बॅटरी जोडण्यापूर्वी व्होल्टेज ठरवायचे आणि ते वेगळ्या मल्टीमीटरने तपासायचे, कारण स्वस्त सप्लायचा आकडा थोडा खोटे बोलू शकतो आणि लिथियमच्या बाबतीत तो थोडाही फार असतो. मग करंटची मर्यादा. आउटपुट चालू केल्यावरच बॅटरी जोडायची, आणि शेवटी आधी बॅटरी सोडवून नंतर सप्लाय बंद करायचा. उलट केले तर बंद सप्लायमध्ये बॅटरीच रिकामी होऊ लागते. पावसाळ्यात याला फार अर्थ आहे, कारण वीज गेली की नेमके हेच घडते. वीज परत आल्यावर काही सप्लाय ठरवलेला आकडा विसरून भलत्याच आकड्यावर सुरू होतात. प्लस-मायनसची अदलाबदल तर त्याहून वाईट. तेव्हा सप्लायची करंट-मर्यादा काही वाचवत नाही. बॅटरी स्वतःच सप्लायमधून शॉर्ट होते.

इथवरचे सगळे एकट्या सेलसाठी. ड्रोनच्या बॅटरीत तीन-चार सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि तिथे सप्लाय आंधळा ठरतो. तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टला भरतो. समजा त्यातला एक सेल ३.९ वर रेंगाळला आणि उरलेले दोन ४.३५ वर चढले. बेरीज १२.६ च. सप्लायच्या पडद्यावर सगळे आलबेल, आणि आत दोन सेल रेषेपलीकडे. पॅकला जी पातळ तारांची छोटी पांढरी पिन असते, ती प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे मोजण्यासाठी असते आणि बॅलन्स चार्जर तिचाच उपयोग करतो. हजारो रुपयांचा ड्रोन घेणाऱ्याने त्या चार्जरवर पैसे वाचवू नयेत. पॅकसाठी सप्लाय वापरायचाच, तर त्या बॅलन्स चार्जरला वीज पुरवण्यापुरता वापरावा.

आणखी एक मोह म्हणजे ‘मेलेली’ बॅटरी उठवण्याचा. वर्षभर कपाटात पडलेला पॅक चार्जर स्वीकारत नाही. मग संरक्षक सर्किटला वळसा घालून सप्लायने थेट करंट ढोसला जातो, आणि आकडा वर येताना पाहून आनंद होतो. चार्जरने नकार दिला तो उगाच नव्हे. सेल फार खोल उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच भलत्या जागी साचून शॉर्टची वाट तयार करते. असा सेल उठतो, चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी उशाशी पेटू शकतो. २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला किंवा फुगलेला सेल सोडून द्यावा. कोल्हापूरच्या मातीत वस्तू टाकून न देता दुरुस्त करण्याची वृत्ती आहे आणि ती मोलाचीच आहे. फक्त हा सेल दुरुस्त होणाऱ्या वस्तूंत मोडत नाही.

सप्लायशी खरी गट्टी जमते ती जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीची. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी १३.८ व्होल्ट आणि ०.७ अँपिअरच्या मर्यादेवर निवांत भरते. खोली हवेशीर असावी, कारण जादा चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. रिचार्जेबल पेन्सिल सेलना मात्र व्होल्टेज ठरवून चार्ज करता येत नाही. भरत आल्यावर ते तापतात, त्यांचे व्होल्टेज किंचित घसरते आणि सप्लाय उलट जास्त करंट देऊ लागतो. त्यांचा स्वतःचा चार्जरच बरा.

चार्जिंगची जागाही पाहावी. गादी, सोफा, पुस्तकांचा ढीग नको. फरशी किंवा मातीचे भांडे चांगले. दाराच्या वाटेवर नको, म्हणजे पेटलेच तर बाहेर पडण्याची वाट मोकळी राहते. बॅटरी कोमट झाली तर हरकत नाही, पण ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. पावनखिंडीहून भिजून-गारठून आलेली बॅटरी आधी कोरडी होऊन घराच्या तापमानाला येऊ द्यावी. आणि झोपताना चार्जिंग नाही. सप्लायवर तर मुळीच नाही.

पेटलीच तर आगीइतकाच धूर वाईट असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसांना जाळणारा हायड्रोजन फ्लोराइडही. खोलीतून आधी माणसे बाहेर काढावीत आणि शक्य असेल तर मेन स्विच बंद करून मदतीसाठी १०१ किंवा ११२ ला फोन करावा. वीज बंद असेल, तर छोट्या बॅटरीवर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतलेले चालते. ते सेल थंड करते. धूर छातीत गेला असेल तर तेव्हा बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उमटू शकतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये.

निकामी सेल घंटागाडीत टाकू नयेत. कचरा दाबला जाताना त्यातून आग लागते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलनात द्यावेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा नवी बॅटरी घेताना दुकानदाराला जुनी घेणार का, हे विचारायला संकोच नको.