एकाचे दोन होण्याआधी

विज्ञान शाखेत शिकलेल्या बहुतेकांनी कांद्याच्या मुळाचं टोक एकदा तरी अंगठ्याखाली चिरडलेलं असतं. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा ठेवायचा, पांढरी मुळं फुटली की दोन-तीन मिलिमीटरचं टोक ब्लेडने कापायचं, आम्लात जरासं ऊन करायचं, ॲसिटोकार्माइनचा लाल थेंब टाकायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवून दाबायचं. मग पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था शोधायच्या, जर्नलमध्ये चार सुबक आकृत्या काढायच्या आणि सरांची सही घ्यायची.

स्लाइडवरच्या बहुतांश पेशी मात्र या चारांपैकी कशातच बसत नाहीत. केंद्रक गोल, गुणसूत्रांचा पत्ता नाही, हालचाल दिसत नाही. जुनी पुस्तकं त्यांना ‘विश्रांती घेणाऱ्या’ म्हणून मोकळी होत. खरं तर विभागायचं की नाही, कधी, आणि तयारी पुरी झाली का, हे सगळं राजकारण तिथेच शिजतं.

विभागणीचं दृश्य माणसाला दिसलं ते १९व्या शतकात. जर्मनीतल्या कील इथे वाल्थर फ्लेमिंग सॅलॅमँडरच्या डिंभकांच्या पेशी रंगवून पाहत होता. त्या पेशी मोठ्या, गुणसूत्रंही जाडजूड. दोरे उभे चिरतात, दोन्ही अर्धे दोन टोकांना ओढले जातात, हे त्याने १८८२च्या ग्रंथात इतकं नेटकं मांडलं की आजच्या आकृत्यांत फारसा फरक करावा लागलेला नाही. पुढची ७० वर्षं सगळ्यांचे डोळे त्या दोऱ्यांवरच खिळून राहिले. १९५३मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या कुळातल्या ब्रॉड बीनची कोवळी मुळं किरणोत्सारी फॉस्फरसच्या पाण्यात ठेवली आणि फोटोच्या फिल्मवर त्यांचा ठसा घेतला. डीएनएची नक्कल ‘विश्रांती’च्या मधल्याच एका ठरावीक काळात होते, असं निघालं. तिच्या आधी एक थांबा, नंतर एक थांबा. या टप्प्यांना जी-१, एस आणि जी-२ म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचा फेरा साधारण २४ तासांचा असतो. त्यात प्रत्यक्ष विभागणी जेमतेम तासाभराची.

मग हुकूम कोण सोडतं?

इथे एका भारतीयाचं नाव घ्यायला हवं, आणि आपल्याकडे ते फारसं कुणी घेत नाही. पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७०मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला एक धाडसी प्रयोग केला. निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांनी दोन वेगवेगळ्या टप्प्यांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळल्या. आता एका पिशवीत दोन केंद्रकं. नक्कल करणाऱ्या पेशीत जी-१मधली पेशी मिसळली, तर मागे असलेलं केंद्रकही वेळेआधी नकलेला लागलं. नक्कल उरकून बसलेलं केंद्रक मात्र पुन्हा नक्कल करेना, उलट जोडीदाराचं काम संपेपर्यंत थांबून राहिलं. आणि विभागणी चालू असलेली पेशी जिच्यात मिसळली, तिची गुणसूत्रं तयारी असो वा नसो आवळली गेली. नक्कल अर्धवट असलेल्यांची तर चुरा झाल्यासारखी दिसू लागली. म्हणजे हुकूम केंद्रकात कोंडलेला नव्हता, तो पेशीच्या रसात फिरत होता. त्याला रासायनिक देह होता आणि तो पकडता येण्याजोगा होता.

तो पकडला गेला यीस्टमध्ये. सिएटलला ली हार्टवेल यांनी पाव फुगवणारं यीस्ट घेतलं. त्याला कोंब फुटतो, आणि कोंबाच्या आकारावरून पेशी फेऱ्यात कुठवर आली ते नजरेनेच कळतं. २३ अंशांवर सुरळीत वाढणारी, पण ३६ अंशांवर एका ठरावीक जागी अडणारी उत्परिवर्तित यीस्टं त्यांनी गोळा केली. एक वाण इथे अडतो, दुसरा तिथे. त्यातून फेऱ्याशी संबंधित १००हून अधिक जनुकं हाती लागली. त्यांतलं एक अगदी पहिल्या पावलाचं.

इंग्लंडमधले पॉल नर्स हे या कथेतलं माझं आवडतं पात्र. फ्रेंचच्या परीक्षेत सहादा नापास झाल्यामुळे विद्यापीठाचा दरवाजा बंद होता, तेव्हा ते गिनेस बिअरच्या कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. पुढे १९७०च्या दशकात एडिंबरात ते आफ्रिकेतल्या बाजरीच्या बिअरमधून आलेल्या, काडीसारख्या लांबट यीस्टवर काम करू लागले. हे यीस्ट लांब वाढतं आणि बरोबर मध्ये दुभंगतं. नर्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली काही बुटक्या पेशी दिसल्या, नेहमीच्या निम्म्या आकारातच विभागणाऱ्या. इतरांनी त्यांना रोगट म्हणून बाजूला सारलं असतं. नर्स यांनी विचार उलटा केला: विभागणी अडवणारं काहीतरी यांच्यात तुटलंय, म्हणून या घाई करतायत.

मग त्यांनी आणखी बुटक्या शोधायला घेतल्या. किचकट, कंटाळवाणं काम. पन्नासएक मिळाल्या आणि एक सोडून सगळ्या त्याच एका जनुकातल्या निघाल्या. उरलेल्या त्या एकीची गंमत नर्स स्वतः सांगतात. तिच्या बशीवर बुरशी चढली होती, शुक्रवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस. त्यांनी बशी कचऱ्यात टाकली आणि घर गाठलं. पण चैन पडेना, म्हणून परत येऊन ती कचऱ्यातून काढली आणि बुरशीतून पेशी सोडवल्या. त्यातून मिळालेलं जनुक म्हणजे सीडीसी-२. ते निकामी झालं तर विभागणी थांबते, दुसऱ्या तऱ्हेने बदललं तर वेळेआधी उरकते. एकच जनुक दोन्ही बाजूंना वळवतं, तेव्हा फेऱ्याची सूत्रं तिथेच असणार हे उघड होतं.

तिसरा धागा समुद्रातून आला. १९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट सी अर्चिनची फलित अंडी तपासत होते. दर दहा मिनिटांनी नमुना घ्यायचा आणि कोणती प्रथिनं नव्याने तयार झाली ते पाहायचं. सगळी प्रथिनं वाढत होती. एक मात्र वाढायचं आणि अंडं विभागायच्या सुमारास नाहीसं व्हायचं, पुन्हा वाढायचं, पुन्हा नाहीसं. हे सायक्लिन. सीडीसी-२ जनुकापासून बनणारं एन्झाइम एकटं निष्क्रिय असतं. सायक्लिन पुरेसं साठून त्याला चिकटलं की ते कामाला लागतं, आणि सायक्लिन मोडीत निघालं की गप्प बसतं. यंत्राचा गाभा एवढाच.

हे यीस्टचं खरं, माणसाचं काय? १९८७मध्ये लंडनला नर्स यांच्या प्रयोगशाळेत मेलनी ली यांनी सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टवर मानवी जनुकांचे तुकडे सोडले. बहुतेक यीस्ट मेलं, काही पेशी वाढू लागल्या. त्यांच्या पोटात माणसाचं जनुक होतं आणि ते यीस्टची विभागणी बिनबोभाट चालवत होतं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा फुटून १०० कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी हा भाग बदललेला नाही. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राचा सर्वांत थक्क करणारा प्रयोग कोणता, असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चं नोबेल मिळालं.

पण हार्टवेल यांचं मोठं देणं मला जनुकांच्या यादीत दिसत नाही. १९८८मध्ये टेड वाइनर्ट यांच्यासह त्यांनी दाखवलं, की क्ष-किरणांनी डीएनए तुटलं तर पेशी आपणहून थांबते आणि दुरुस्ती करून पुढे जाते. आरएडी-९ हे जनुक काढून घेतलं, तर ती तुटक्या डीएनएसह विभागत राहते आणि मरते. दुरुस्तीचं कसब शाबूत असतं, थांबायचं भान गेलेलं असतं.

ही तपासणी सर्वांत कडक असते ती गुणसूत्रं विलग होण्याच्या क्षणी. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती जोडलेल्या. प्रत्येक जोडीला दोन्ही टोकांकडून तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे धागे, चिकटायला हवेत. ४५ जोड्या नीट लागल्या आणि एक राहिली, तरी पेशी खोळंबते. शेवटचा प्रवासी पायरीवर असेपर्यंत एसटीचा कंडक्टर डबल बेल देत नाही, तसंच. ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस आणि शाओताँग ली यांनी १९९५मध्ये याची जी परीक्षा घेतली, ती वाचताना श्वास रोखला जातो. प्रार्थनाकीटकाच्या शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशीत एखादं गुणसूत्र कधी एकाच बाजूला लागलेलं असतं, त्यावर दुसरीकडून ताण नसतो आणि पेशी तासन्‌तास ताटकळते. त्यांनी काचेची अतिसूक्ष्म सुई जिवंत पेशीत घालून ते गुणसूत्र हलकेच ओढून धरलं. ताण खोटा होता, पण पेशीला तेवढा पुरला. तिने विभागणी सुरू केली.

कर्करोगाची पेशी सर्वांत वेगाने विभागते, अशी एक समजूत घट्ट रुजलेली आहे. वेगाचाच प्रश्न असता तर आपली अस्थिमज्जा, जी दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी घडवते, पहिली गुन्हेगार ठरली असती. कितीतरी गाठी तिच्यापुढे मंदच असतात. त्यांचा दोष असा, की थांबायचं तिथे त्या थांबत नाहीत. डीएनए बिघडलं की पेशीला रोखणारं पी-५३ हे प्रथिन माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत नासलेलं सापडतं. स्तनांच्या काही कर्करोगांवर दिलं जाणारं पाल्बोसिक्लिब हे औषध जी-१ संपवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. नर्स यांच्या बुटक्या यीस्टपासून निघालेला रस्ता असा थेट औषधाच्या दुकानात पोचतो.

दुसरी दोन औषधं आपल्या परिसरातल्या झाडांतली आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळी फुलं पेटवणाऱ्या कळलावीत कॉल्चिसिन असतं. ते तुर्कतंतू बनू देत नाही, म्हणून पेशी मध्यावस्थेत अडकते. गुणसूत्रांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा ते किंवा त्याच्या जातीचं कॉल्सेमिड वापरतात, कारण त्याच अवस्थेत गुणसूत्रं सुटीसुटी मोजता येतात. आणि अंगणातल्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टीन असतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत ते आजही महत्त्वाचं आहे. तेही तुर्कतंतू मोडतं, आणि पुढचं काम पेशीची तपासणीची सवयच करते: तंतू लागले नाहीत म्हणून ती थांबते, थांबून थांबून मरते.

मात्र सदाफुलीची पानं चघळणाऱ्यांना आणि तिचा काढा कर्करोगावर देणाऱ्यांना एक सांगणं आहे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि शुद्ध औषध मिलिग्रॅमच्या हिशोबाने, फक्त शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं जातं. तरीही बोटं बधिर होतात, कारण चेतापेशींनाही हेच तंतू लागतात. काढ्यात औषध किती आणि बाकीची विषारी द्रव्यं किती, हे कुणालाच कळत नाही. कळलावीचा कंद तर जीवघेणा आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका. घरात कुणाला कर्करोग असेल तर झाड कुंडीतच राहू द्या आणि रुग्णाला कर्करोग-तज्ज्ञाकडे न्या.