मण्यार चावला तर मुलाला कळतही नाही

चाकण, निघोजे, महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत आम्ही फिरतो, तेव्हा मुले जमिनीवरच झोपलेली दिसतात. शेजारी कचरा, कचऱ्यावर उंदीर आणि उंदरांमागे साप.

भीती सगळ्यांना फणा काढणाऱ्या नागाची. पण मण्यार साप रात्री हिंडतो आणि झोपेत चावतो. त्याचे दात बारीक असतात. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडते, उलटी करते. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. याला अपचन किंवा बाहेरची बाधा समजू नका.

मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मुलाला चालवू नका; १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. साप पकडून नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. मूल लहान म्हणून त्याचा डोस कमी करत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते.

खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. दारात दिवा आणि कचऱ्याची उचल खोलीमालकाकडे, ग्रामपंचायतीकडे सगळ्यांनी मिळून मागा.