गोंदियाची तहान कोणाच्या खाती?

तिरोडा तालुक्यातला बोदलकसा तलाव 1917 सालचा. पर्यटक तिथं नागझिऱ्याच्या वाटेवर फोटो काढायला थांबतात. पाळीखालच्या गावांना मात्र त्यात धान दिसतो. शेजारचा चोरखमारा 1923 चा. दोन्ही तलाव ब्रिटिश काळात धानाच्या सिंचनासाठी बांधले गेले. त्यांच्याही आधीपासून या भागात मालगुजारांनी बांधलेल्या तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, घट्ट वीण होती. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणारे हात हळूहळू मोकळे झाले.

अशा तलावांच्या जिल्ह्याचं मुख्य शहर पाणी पितं ते वैनगंगेच्या पात्रातून. डांगोर्लीला उपसा होतो, पाणी शुद्ध होतं आणि गोंदियाच्या नळांना येतं. योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. अडचण एवढीच की नदी वाहते तोवरच ती भरवशाची. उन्हाळ्यात पात्र आटलं की बाघ नदीवरच्या पुजारीटोला धरणाकडे धाव घ्यायची, कालव्यानं पाणी आणायचं, वाटेत मुरेल तेवढं मुरू द्यायचं. पुजारीटोला मुळात सिंचनाचं धरण, आणि बाघ प्रकल्प मध्य प्रदेशासोबतचा आंतरराज्य प्रकल्प.

खरं तर शहराची गरज केवढी? 2011 च्या जनगणनेत गोंदियाची लोकसंख्या 1,32,813. माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला सुमारे 1.8 कोटी लिटर. मार्च ते जून या चार महिन्यांचा हिशेब 2.2 दलघमी होतो. शहर वाढलं आहे, गळतीही आहे. आकडा दुप्पट करा हवा तर. तरी तो धरणांच्या हिशेबात अवाढव्य ठरत नाही. प्रश्न पाण्याच्या तुटवड्यापेक्षा पाणी कोणाच्या नावावर आहे, याचा आहे.

राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. त्यावर रान उठलं आणि 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचं पाणी दोन्हीकडे पहिलंच. पण कागदावर पहिला क्रमांक असणं वेगळं आणि एखाद्या जलाशयात लेखी आरक्षण असणं वेगळं. तिरोड्याच्या 3,300 मेगावॅट वीज प्रकल्पाला वैनगंगेचं पाणी करारानं मिळतं; शहराला उन्हाळ्यात विनंतीवर.

धापेवाडा उपसा सिंचन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वैनगंगेचं पाणी बोदलकसा आणि चोरखमाऱ्यात टाकायचं आहे. कल्पना उत्तम. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात असलेल्या भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले की पावसाळ्यात हीच नदी काठच्या गावांत शिरते. ते पाणी तलावात गेलेलंच बरं. मात्र याच तलावांतून उद्या शहरासाठी पाईप टाकायची घाई कोणी केली, तर माझा विरोध राहील. ऐन रोवणीला पाऊस दडी मारतो तेव्हा पऱ्हे जगवणारं पाणी हेच.

मग करायचं काय? दर पावसाळ्याअखेर, ऑक्टोबरमध्येच, पुजारीटोल्यातला डांगोर्लीसाठीचा उन्हाळी साठा ठरवून जाहीर करावा. त्यासाठी उन्हाळी धानाचं क्षेत्र कमी करावं लागलं, तर त्या शेतकऱ्याला भरपाई शहरानं द्यावी. नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याचं पाणी ओढणाऱ्यांना मीटर लावावेत. आणि गोंदियाच्या नगरपरिषदेनं नवी मागणी पाठवण्याआधी आपली गळती मोजून तो आकडा लोकांसमोर ठेवावा.