निवाड्यापूर्वी तबकडीची कैफियत

रसास्वादात ज्याचा त्याचा कान प्रमाण मानावा हे खरे. परंतु ध्वनीच्या गुणदोषांचा निवाडा करावयाचा असेल, तर कानाला खटकलेला दोष मूळ ध्वनिमुद्रणाचा, तबकडी कोरणाऱ्याचा, ती छापणाऱ्या कारखान्याचा की आपल्याच सुईचा, याची शहानिशा केल्यावाचून फैसला देणे अन्यायाचे होय. बर्मिंगहॅमच्या मूडी ब्लूज या वृंदाने १९६७ मध्ये लंडनच्या डेक्का स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली, रॉक संगीताला पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड देणारी ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही तबकडी याचा उत्तम दाखला आहे.

गैरसमज : गाण्यांतील तंतुवाद्ये कातर आणि थरथरती ऐकू येतात, सबब प्रत निकृष्ट आहे.

वस्तुस्थिती : पीटर नाइट यांच्या संचालनाखाली वाजलेला वाद्यवृंद बहुतांशी गाण्यांच्या मधल्या जागा जोडतो, खुद्द गाण्यांत जो व्हायोलिनांचा समूह आपल्याला भासतो, तो वृंदातील माइक पिंडर यांच्या मेलोट्रॉनचा आहे. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांचा स्वर मुद्रित केलेली सुमारे आठ सेकंदांची चुंबकीय फीत असते, आणि त्या फितीच्या चालीतील सूक्ष्म चढउतारामुळे स्वराला जो कंप येतो, तो त्या वाद्याचा स्वभावच आहे. तो पुसून टाकणारी तबकडी निघाली, तर तीच अप्रामाणिक ठरेल.

गैरसमज : शेवटचा कळस फाटका ऐकू येतो, म्हणजे ध्वनिमुद्रणच सदोष आहे.

वस्तुस्थिती : तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे एकाच गतीने घेते, परंतु परीघ आत आत लहान होत जात असल्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलालगत जेमतेम २१. तेवढ्याच स्वरलहरी निम्म्याहून कमी जागेत दाटल्या, म्हणजे तीव्र स्वरांची वळणे सुईला झेपेनाशी होतात. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ हे गीत, त्यामागून उसळणारा वाद्यवृंद आणि अखेरचा घणघणाट करणारा गाँग, हे सारे दुसऱ्या बाजूच्या नेमक्या याच अरुंद टोकाला आले आहे. म्हणून बाजूच्या आरंभीचा ध्वनी निर्मळ आणि शेवटचाच खरखरीत असेल, तर आधी सुईची झीज आणि तिची बैठक तपासावी.

गैरसमज : तबकडी जितकी वजनदार, तितका तिचा ध्वनी भारदस्त.

वस्तुस्थिती : १८० ग्रॅमच्या तबकडीची खाच हलक्या तबकडीच्या खाचेहून खोल नसते. जाड तबकडी सहसा वाकत नाही, एवढा लाभ मान्य करावा. परंतु ध्वनीचे भवितव्य मूळ ध्वनिमुद्रणाच्या फितीची अवस्था, कोरणाऱ्याचे कौशल्य आणि छपाईतील दक्षता यांनीच ठरते.

गैरसमज : नाव एक, मुखपृष्ठ एक, म्हणजे सर्व आवृत्त्यांचा ध्वनीही एकच.

वस्तुस्थिती : या संग्रहाच्या मूळ मिश्रणाची, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवून केलेल्या मुद्रणाची, फीत जीर्ण झाल्यामुळे १९७८ मध्ये नवे मिश्रण सिद्ध करण्यात आले, आणि पुढील अनेक वर्षांच्या आवृत्त्या त्यावरूनच निघाल्या, १९६७ चे मिश्रण पुन्हा उजेडात आले ते २०१७ च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत. त्यामुळे दोन रसिक एकाच नावाच्या दोन तबकड्यांविषयी परस्परविरोधी मते मांडीत असतील, तर दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की तबकडीला बरी-वाईट म्हणण्यापूर्वी ती धुऊन घ्यावी, सुई तपासावी, आवृत्तीचे साल पाहावे, आणि एकाच बाजूचा आरंभ व शेवट लागोपाठ ऐकून मगच आपला अभिप्राय नोंदवावा. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनी घेतलेल्या श्रमांना एवढा न्याय तरी आपल्याकडून मिळालाच पाहिजे.