लिंकन यांचा जर्मन छापखाना

मे १८५९मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वकिलाने जर्मन वृत्तपत्राचा छापखाना विकत घेतला. हे वकील म्हणजे अब्राहम लिंकन. संपादक थिओडोर कॅनिसियस यांच्याशी केलेला करार रोखठोक होता. यंत्र आणि खिळे लिंकन यांचे, पत्र चालवायचं कॅनिसियस यांनी. मात्र १८६०ची निवडणूक होईपर्यंत रिपब्लिकन पक्षाची बाजू सोडायची नाही. निवडणूक जिंकल्यावर लिंकन यांनी छापखाना संपादकाच्या हवाली केला. पुढच्याच वर्षी कॅनिसियस यांना व्हिएन्नात वाणिज्यदूताची जागा मिळाली!

मतं कुणाची?

जर्मनीतली १८४८ची क्रांती फसली आणि कार्ल शुर्झ, फ्रीडरिश हेकर यांच्यासारखे बंडखोर अमेरिकेत आले. राजेरजवाड्यांशी लढलेल्या या लोकांना गुलामांच्या मालकांची चीड येणं साहजिक होतं. पण सगळेच जर्मन गुलामगिरीविरोधी होते, असं अजिबात नाही. कॅथलिक आणि जुन्या वळणाचे लुथरन बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. शिवाय रिपब्लिकन पक्षात दारूबंदीवाले आणि परदेशी माणसांचा दुस्वास करणारे बरेच. रविवारच्या बिअरवर डोळा ठेवणाऱ्यांना मत कोण देणार?

त्यात १८५९मध्ये मॅसॅच्युसेट्सने नागरिकत्व मिळाल्यावरही दोन वर्षं मतदान करता येणार नाही, असा नियम केला. असला नियम इलिनॉयमध्ये नको, असं लिंकन यांनी कॅनिसियस यांना पत्राने कळवलं. पुढच्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनात जर्मनांनी नेट लावला आणि स्थलांतरितांच्या हक्कांना हात लागणार नाही, हे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात घालून घेतलं. पाठिंबा होता, पण फुकट नव्हता.

सेंट लुईस, १८६१

मिसुरी हे गुलामगिरीचं राज्य. तिथे लिंकन यांना जेमतेम दहा टक्के मतं पडली, पण सेंट लुईसमध्ये जर्मनांच्या बळावर ते पहिले आले. गव्हर्नरचा कल फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांकडे होता आणि शहरात संघराज्याचं मोठं शस्त्रागार होतं. जर्मनांच्या 'टर्नर' व्यायामशाळांतले तरुण कवायती करू लागले. १० मे रोजी कॅप्टन नॅथॅनिएल लायन यांनी मुख्यतः जर्मन स्वयंसेवकांच्या बळावर राज्याच्या शिबंदीची छावणी वेढली. ती न लढता शरण आली. कैद्यांना घेऊन निघताना मात्र जमावाशी जुंपली, गोळीबार झाला आणि सुमारे २८ जण मेले, बहुतेक साधे नागरिक.

लिंकन यांच्यावरही राग

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघराज्याचे जनरल फ्रेमाँट यांनी मिसुरीतल्या दक्षिणेच्या बाजूच्या बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं जाहीर केलं; लिंकन यांनी ते फिरवलं. जहाल जर्मन भडकले. १८६४च्या निवडणुकीत त्यांच्यातले अनेकजण लिंकन यांच्याविरुद्ध फ्रेमाँट यांच्या मागे उभे राहिले; फ्रेमाँट यांनीच सप्टेंबरमध्ये माघार घेतली. मिसुरीने ११ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी रद्द केली, देशाच्या तेराव्या घटनादुरुस्तीला मंजुरी मिळण्याच्या सुमारे अकरा महिने आधी. तो ठराव करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते आर्नल्ड क्रेकेल, जर्मनीत जन्मलेले.