वाणसामानाची यादी आणि देशाचा हिशेब (लेखांक ७)

मागच्या लेखांकात महागाईचा निर्देशांक पाहिला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या त्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. हा भार ठरतो कुटुंबांच्या घरखर्चावरून, आणि घरखर्च कळतो लोकांना विचारूनच. केंद्र सरकारची घरगुती उपभोग खर्च पाहणी हेच काम करते.

ही विचारपूस मोठी चिवट असते. तांदूळ-ज्वारी महिन्याभरात किती लागली? भाजी, तेल, मासळी, बाहेरचं खाणं गेल्या सात दिवसांत किती झालं? कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात राहावं लागलं असेल तर त्याचं बिल वर्षभराचं किती? २०२२-२३ पासून हे प्रश्न तीन वेगवेगळ्या भेटींत विचारले जातात. एका बैठकीत चारशेच्या वर वस्तूंची उत्तरं देताना माणूस कंटाळतो आणि शेवटीशेवटी ‘नाही, नाही’ म्हणत सुटतो. तरी एक फट उरतेच. घरातल्या बाईला डाळीचा हिशेब तोंडपाठ असतो. नवऱ्याने नाक्यावर खाल्लेला वडापाव आणि मुलाने परस्पर मारलेलं रिचार्ज तिच्या हिशेबात नसतं.

आता त्या उत्तरांतून काय दिसतं ते पाहू. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून सांगितलं होतं की, उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. आपल्याकडे १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांतले ५९ अन्नावर जात. २०२२-२३ मध्ये साधारण ४६. खरी पडझड झाली ती धान्याची. २२ रुपयांवरून थेट पाचाच्या आत! त्याच वेळी चहा-पेयं, फरसाण, तयार खाणं यांवर साडेनऊ रुपयांच्या वर खर्च होऊ लागला. म्हणजे गावातल्या घरातही दळणापेक्षा पुड्या आणि चहा-नाश्ता भारी पडू लागला.

यावर हमखास आक्षेप येतो: रेशनवर फुकट मिळतं म्हणून धान्याचा खर्च दिसत नाही. आक्षेप अर्धाच खरा आहे. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली, तर २०२२-२३ मधला ग्रामीण माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपयांवरून ३,८६० होतो. फरक आहे, पण सगळी घसरण भरून काढण्याइतका नाही. शिवाय २०११-१२ मध्येच, मोफत धान्याच्या कितीतरी आधी, धान्याचा वाटा अकराच्या खाली आला होता.

एंगेलचा नियम मात्र वर्षावर्षाला लावायला जाऊ नये. २०२३-२४ मध्ये अन्नाचा वाटा गावांत ४७.०४ आणि शहरांत ३९.६८ टक्क्यांवर गेला, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा किंचित वाढला. लोक वर्षभरात गरीब झाले का? २०२३ च्या पावसाळ्यातले टोमॅटोचे भाव आठवा. एका मोसमातली भाजीही हा आकडा हलवू शकते. दहा-वीस वर्षांचा कल वाचावा, एका वर्षाची उडी वाचताना हात आखडता घ्यावा.

आणि कल वाचायचा तर पाहण्या वेळेवर हव्यात. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण दर्जाचं कारण देऊन सरकारने ती प्रसिद्धच केली नाही. पुढची आली थेट २०२२-२३ ची. मधल्या काळात रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना महागाईचा जो आकडा पाहत होती, त्यातली टोपली २०११-१२ च्या स्वयंपाकघराची होती. वाणी भाव आजचे लावतो आणि यादी मात्र दहा वर्षांपूर्वीची, असा तो कारभार. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी चूक. पद्धतीवरचे वाद तिच्यापुढे किरकोळ आहेत.

घरभाड्याचा गुंता अजून बाकी आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडं माणशी खर्चाच्या या आकड्यांत येत नाही; राष्ट्रीय उत्पन्न मोजताना मात्र त्याने जणू स्वतःलाच भाडं दिलं असं धरतात. हे न दिलेलं भाडं ठरवतात कसं, ते पुढच्या आठवड्यात.